शिट्टी वाजवणारं बोअर

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात मी भूजल खात्यात भूवैज्ञानिक होतो. परंडा तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही दोन बोअर मारली. एकाला पाणी लागलं, त्यावर हातपंप बसला. शेजारचं कोरडं गेलं, आणि दुपार झाली की त्याच्या पाइपातून शिट्टी वाजायला लागली.

वस्तीतली माणसं घाबरली. मी जाऊन समजावलं. पाणी आटलं की खडकातल्या भेगा रिकाम्या होतात, त्यांत हवा भरते. दुपारी बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, तशी आतली हवा बाहेर पडते. संध्याकाळी दाब चढला की बोअर तीच हवा परत आत ओढतं. लोकांना पटलं.

ही बातमी कळून टीव्हीची मंडळी आली. मी त्यांना दिवसभर सगळं दाखवलं. पाइपावर कागदाची पट्टी धरली. दुपारी ती वर उडाली, सांजेला आत खेचली गेली. त्यांनी सगळं चित्रित केलं. शेवटी कुणीतरी विचारलं, "हातपंपाचं पाणी किती दिवस पुरेल?" मी म्हणालो, "ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आमच्या घरात शेजारपाजारचे सगळे जमले होते. पडद्यावर अंधारलेलं माळरान, छाती धडधडवणारं संगीत. निवेदक म्हणाला, "जमिनीखालून कोण बोलतंय?" आणि लगेच माझा चेहरा. "ते आज कुणालाच सांगता येणार नाही."

पट्टी नाही, दाब नाही. एवढंच.

बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही असं म्हणालात?" आवाज माझा होता, शब्दही माझेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवर गेलो. हातपंपावर चिटपाखरू नव्हतं. शिट्टीच्या पाइपात धोंडा ठोकून बसवला होता, त्यावर हळद-कुंकू. बाया घागरी घेऊन लांबच्या विहिरीवर, तळाचं गढूळ पाणी उपसायला गेल्या होत्या. एक म्हातारी परतताना भेटली.

"मावशी, चांगलं पाणी सोडून हे का आणता?"

"साहेब, चावडीवरच्या टीव्हीत तुमीच म्हणला न्हवं, कुणालाच ठावं न्हाय म्हणून? मग आमी कुणाचं ऐकायचं?"

त्या वेळी बसलेला धक्का टीव्हीसमोरच्या धक्क्याहून मोठा होता. मी खाली बसलो आणि हातांनी धोंडा उपसायला लागलो. विहिरीवरून परतलेल्या बाया लांब उभ्या राहिल्या. धोंडा निघताच शिट्टी वाजली, दोघीचौघी पळाल्या. मी म्हणालो, "मावशी, पदर धरा यावर." तिनं भीत भीत धरला, तो फुगून वर आला. सांजेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. मग तिनं पुन्हा पदर धरला, तर तो आत ओढला गेला. म्हातारी हसली.

"व्हय की! वाराच हाय त्यो!"

तिनंच पहिली घागर भरली. हळूहळू बाकीच्या आल्या.

जिल्ह्याला परतल्यावर मी कार्यक्रम करणाऱ्या गृहस्थांना ट्रंककॉल लावला. पाणी बंद पडलं होतं, बायांचे हाल झाले, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, उत्तर सांगितलं की माणूस उठून जातो हो," ते म्हणाले. "बाकी लोकांना फार आवडलं. असं आणखी एखादं ठिकाण आहे का तुमच्याकडं?"

मी फोन खाली ठेवला.