पदर खोचायची जागा

माझ्या नवऱ्याला आष्टीत सगळे डाक्टरसाहेब म्हणत आणि त्यांच्या मोटारसायकलीला फटफटी. जालन्याच्या एका ठेकेदाराकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. लढाईचे दिवस होते, पेट्रोल औषधासारखं जपून वापरावं लागे. निघण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत. चाकं अंगठ्यानं दाबून बघत, साखळी ओढून बघत, ब्रेक धरून गाडी पुढं ढकलत, टाकीत काडी घालून पेट्रोल किती उरलंय ते पाहत. मला चीड यायची. घरात कुणाला ताप आला तर त्याची इतकी विचारपूस होत नसे.

या फेरीतली शेवटची गोष्ट म्हणजे मी. आसपासच्या मोठ्या घरांत बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नसे, मग तो डाक्टर का असेना. त्याची बायको सोबत असली तर चालायचं. मी आत जायचे, हे दाराआडून विचारायचे, मी हात लावून सांगायचे. अगदीच अडलं तर मी आहे म्हणून यांनाही आत घेत. त्यापायी मी मागं बसून खेडोपाडी हिंडले. मागचं चाक उघडंच असायचं, त्यामुळं पदर डोक्यावरून काढून कमरेला गच्च खोचावा लागे.

पण सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर काढायचा कसा? आणि वडलांसमोर बायकोशी बोलायचंही नाही, ही आमच्या घरची रीत. गाडीची तपासणी अंगणात, राजरोस. माझी मात्र गावाबाहेर, चोरून. मारुतीच्या पाराशी हे गाडी थांबवत. तिथं चिटपाखरू नसे. मी पदर खोचायचे, हे मागं वळून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि मगच पुढं निघायचे.

त्या दिवशी दोन कोसांवरच्या एका गावाहून गडी आला. पाटलांची सून कालपासून अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. पाटील आणि त्यांचा मुलगा कचेरीच्या कामाला परभणीला गेलेले, घरी नुसत्या बायका. आम्ही जल्दीनं निघालो आणि पाराशी आलो तर पार भरलेला. शनिवार होता. गावातली सगळी म्हातारी मंडळी दर्शनाला येऊन बसली होती आणि मधोमध आमचे सासरे. शनिवारी बोलावणं यायची ती पहिलीच खेप.

यांनी गाडी हळू केली, पाराकडं पाहिलं आणि तसेच पुढं गेले. मी पदर दातांत धरला. पुढं ओढ्यापाशी थांबायला सांगू, असं मनाशी म्हटलं. यांनीही तेच ठरवलं होतं म्हणे. ओढा येण्याआधीच चाकोरीत गाडी उडाली, माझं तोंड उघडलं आणि पदर चाकात गेला.

मला आठवतं ते एवढंच, की गळ्याला काच बसला आणि मी उजव्या हातावर आपटले. हे धावत आले, बॅगेतली कात्री काढून त्यांनी चाकात गुंडाळलेलं लुगडं कापलं. हात मोडला होता. गळ्याभोवती कातडी सोलवटली होती. त्यांनी उपरण्यानं माझा हात बांधला. गाडीला काही झालं नव्हतं, तरी ते निघेनात.

"तुम्ही व्हा पुढं. मी मागनं बैलगाडीनं येते," मी म्हटलं.

"तू नसलीस तं ते मला आत घ्यायचे न्हाईत."

"घेतील. मरणाच्या दारात कोण रीत बघतंय?"

मला खरंच तसं वाटत होतं. मोठ्या मिनतवारीनं ते गेले. मी चिंचेखाली बसून राहिले. बऱ्याच वेळानं कडब्याची एक गाडी आली, तिच्यात पडून निघाले. प्रत्येक गचक्याला डोळ्यांपुढं अंधारी यायची, तरी गाडीवानाला बैल हाणायला सांगत होते.

पाटलांच्या दारात फटफटी उभी होती. हे ओट्यावर बसलेले, बॅग मांडीवर, तिचं कुलूपसुद्धा काढलेलं नव्हतं. हात जोडून विनवलं, आवाज चढवला, खिडकीतून औषध देऊ केलं, सगळं करून झालं होतं. आतून एकच उत्तर येत होतं, बाई येऊ द्या. आतून त्या मुलीच्या ओरडण्याचा आवाज येत होता तोवर हे दार ठोठावत राहिले. मग तो आवाज थांबला होता.

मला पाहताच दार उघडलं. पाटलीणबाईंनी माझ्या गळ्याकडं, बांधलेल्या हाताकडं पाहिलं आणि मला आधार देऊन आत नेलं. ती मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. पोटातलं पोटातच राहिलं होतं. कुणीतरी तिच्या तोंडावरून नवं लुगडं पांघरवत होतं.

मी तिच्याजवळ खाली बसले. पाटलीणबाई दाराकडं वळल्या आणि तिथं उभ्या असलेल्या बाईला म्हणाल्या, "डाक्टरसायबाला बी बोलवा आत. आता काही हरकत न्हाई."