पळू नका

नेरूळच्या आमच्या सोसायटीचा वऱ्हाडी वॉचमन भर उन्हाळ्यातही मास्क लावून बसायचा. आम्ही चौघे मेळघाटात ट्रेकला निघालो, तेव्हा त्याने गेटवरच विचारलं, "अस्वल दिसलं तं काय करसान?"

"रील काढू," माझा मित्र हसला.

वॉचमनने रजिस्टर टेबलावर आपटलं आणि मास्क खाली ओढला. एका बाजूचा गाल ओठापर्यंत फाटून कसाबसा जुळला होता.

"हसता काय? एकटं फिरू नका, मोठ्यानं बोलत चाला. पिल्लाजवळ जाऊ नका. अंगावर आलं तं पालथं पडा, दोन्ही हातांनी मान झाका. पळू नका. मी पळालो होतो."

मी विचारलं, "काका, मग मास्क कशाला?"

"कमिटीनं सांगितलं. लेकरं भेतात म्हणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत आल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तावातावाने बोललो, की त्या माणसाला चेहरा झाकायला लावणं हा माणुसकीला कलंक आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी गेटवर नवाच वॉचमन होता. मी सेक्रेटरींच्या घरी जाऊन ओरडलो.

ते शांतपणे म्हणाले, "अहो, त्याच्याबद्दल तुम्हीच तर तक्रार केली होती."