मालकांना सर्दी झाली तो दिवस

नगरला मी उतरलो तो बहात्तरच्या दुष्काळात. जिल्ह्यातली माणसं खडी फोडायला गेलेली आणि मी भरल्या विहिरीचं कोकणातलं गाव सोडून इथं काम मागत होतो. गावातला एकजण लष्कराच्या कॅन्टीनमध्ये होता, त्याने बोलावलं होतं. मी पोचलो तोवर त्याची बदली झालेली. सातवीत शाळा सोडलेला, वीस वर्षांचा. परत जाऊन घरी काय सांगणार?

माळीवाड्यापासून स्टेशनपर्यंत एकेक हॉटेल विचारत गेलो. सगळीकडे एकच सवाल, "ओळख कुणाची?" चौथ्या दिवशी एका परमिट रूमच्या दारात म्हातारा वेटर उभा होता. त्याने गाव विचारलं, मी सांगितलं.

"पानी सोडून हिकडं आलास? डोकं फिरलंय का रं तुजं?" असं म्हणून तो हसला आणि मला आत नेऊन मालकांना म्हणाला, "आपल्या वळखीचा हाय." ती ओळख पाच मिनिटांची होती.

झोपायला त्याने आपल्या खोलीपुढची ओसरी दिली. त्याची बायको दोघांना एकाच परातीतून भाकरी वाढायची. काम त्यानेच शिकवलं. भरलेलं माप थेंब न सांडता ग्लासात कसं उलटायचं, सोडा कडेने कसा सोडायचा, चढलेल्या गिऱ्हाइकाला "बास" न म्हणता शेंगदाण्याची बशी कशी सरकवायची. "त्येला वाटलं पायजे, आपुनच उठलो."

मालकांचा एक नेम होता. दुपारी दार उघडण्याआधी प्रत्येक वेटरने गल्ल्यापुढे जाऊन त्यांच्या तोंडावर "हा" करायचा. वास आला की नोकरी गेली. म्हातारा पूर्वी प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षं त्याने थेंब घेतला नव्हता, हेही ठाऊक होतं.

दुष्काळाने गिऱ्हाईक आटलं. मालक आम्हा दोघांसमोरच म्हणाले, "तुम्ही दोघं परवडायचे नाहीत मला. तुमच्यातला एकच ठेवीन." त्या दिवसापासून माझ्या हातून माप सांडायला लागलं. म्हाताराच मला सांगायचा, "भिऊ नको, हुईल कायतरी."

मग मालकांना सर्दी झाली. नाकाला रुमाल लावून बसलेले. म्हणाले, "मला आज काही कळत नाही. कोकण्या, तू बघ याचं."

म्हातारा माझ्याकडे वळला. "बघ बाबा. लवंग खाल्लीय, ठसका लागंल." बाकीचे हसले. त्याने "हा" केला. लवंग होती, आणि सकाळी आम्ही दोघांनी खाल्लेली लसणाची चटणी. दुसरं काही नव्हतं.

"येतोय ना?" मालकांनी मान वर न करताच विचारलं.

त्यांना कुठलं उत्तर हवंय हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. मी मान हलवली. नुसती हलवली, शब्द बोललो नाही, एवढंच स्वतःला सांगत आलोय.

"मालक, तीन वर्सं झाली, शिवलो न्हाई मी."

"मग हा खोटं बोलतोय का?"

मी फरशीकडे बघत होतो. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं, आणि त्यानंतर मला कुठल्या गाडीत बसावं लागेल तेही.

"न्हाई," तो म्हणाला. "पोरगं कशाला खोटं बोलंल."

त्याने पांढरा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि गेला. मालक मला म्हणाले, "खरं बोलणारी माणसं हल्ली मिळत नाहीत." मी त्यांच्या पाया पडलो. पुढे नऊ वर्षं तिथं होतो. त्यांचे उपकार आहेतच, नाही कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवरून गुपचूप निघायच्या बेतात होतो. म्हाताऱ्याने हाक मारून बसवलं. त्याची बायको माझ्याकडे बघत नव्हती. परातीत दोनच भाकऱ्या होत्या.

"वाढ त्येला आधी," तो तिला म्हणाला. "कामावर जायचंय त्येला."

मी दीड भाकरी खाल्ली आणि वेळेवर पोचलो.