आईच्या उशाचा दिवा

आईला समुद्राची हवा मानवेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबा अलिबाग आणि नागावच्या बाजूला भाड्याचं घर शोधत हिंडले. घरं होती. पण आजार कोणता असं कुणी विचारलं की बाबांना खोटं बोलता येत नसे, आणि क्षय हा शब्द ऐकताच घरमालक सुपारी कातरता कातरता थांबे. मग त्याला आठवे की ही जागा त्याने भावासाठी ठेवली आहे. बाबा परत आले ते चिडलेले नव्हते. ते सरळ गिरगावातल्या आपल्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात गेले आणि मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी त्यांनी बाहेर काढली.

मोटारीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची एक लांबट खोली होती. शिकारीचा नाद असलेल्या एका साहेबाने ती करायला सांगितली होती आणि काम पुरं व्हायच्या आत तो विलायतेला निघून गेला होता. आत दोन बाकं, झोपायला फळ्या, स्टोसाठी पत्र्याचा कोनाडा. शिवाय बाबांना ज्यांचा सगळ्यात अभिमान होता ते विजेचे दिवे: एक दाराशी, एक कोनाड्यावर आणि एक आई जिथे निजणार होती तिथे उशाशी. मोटार चालली की तिच्यातली बॅटरी भरायची आणि त्या बॅटरीवर हे दिवे लागायचे. मुंबईत आमच्या स्वतःच्या बिऱ्हाडात तेव्हा अजून रॉकेलची चिमणी होती.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. धरमतरच्या खाडीवर मोटार आणि ती खोली वेगवेगळी पडावावर चढवावी लागली. आई खाली उतरली नाही. खलाशी एकमेकांना काहीतरी सांगून हसत होते, आणि ती खिडकीत बसून, पालखीतून मिरवत निघाल्यासारखी, पाण्याकडे बघत होती. तिला इतकं मजेत मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

नागावला बाबांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची नारळाची वाडी होती. वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला, वस्तीपासून दूर, त्यांनी आम्हाला जागा दिली. वाडी राखणारी बाई रोज शहाळी आणून खाली ठेवायची, लांबूनच बोलायची आणि पायरी चढायची नाही. आईला त्याचं वाईट वाटत नसे. ती म्हणायची, तिला लहान मुलं आहेत, बरोबरच करते ती.

दिव्यांचं मोल आम्हाला तिथे कळलं. कंदिलाच्या धुराने आईला ढास लागायची, ती मग थांबतच नसे. म्हणून कंदील बाहेर झाडाला टांगलेला असे आणि आत वीज. पण खाऱ्या हवेने पहिल्याच पंधरवड्यात विजेची दाणादाण केली. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली. जोडलेल्या तारा काळ्या पडल्या. एकदा तिन्ही दिवे एकदम गेले, आणि कारण निघालं ते मोटार आणि खोली जोडणाऱ्या आकड्यावरचा गंज. बाबांनी वीज बॅटरीत परत नेणारी तार वेगळी न टाकता गाडीचं लोखंडच त्या कामाला वापरलं होतं, आणि गंजाने तो रस्ता अडवला होता.

ही कामं बाबांनी मला शिकवली. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, शाळा मिशनरी बायकांची. मला इंग्रजीत निबंध लिहिता येत होते आणि चारचौघांत तोंड उघडता येत नव्हतं. बाबांबरोबर बोलावं लागत नसे. नुसतं त्यांच्या हाताकडे बघायचं. त्यांनी एका सुट्ट्या बल्बला दोन लांब तारा जोडून तपासणीचा दिवा केला होता.

"बॅटरीपासून सुरुवात करायची," ते म्हणायचे. "इथे लागला? मग पुढे चल. फ्यूजच्या पलीकडे लागला? अजून पुढे. जिथपर्यंत हा लागतो तिथपर्यंत वीज शहाणी आहे. जिथे लागत नाही, त्याच्या मागेच कुठेतरी चूक."

"आणि सगळीकडे लागला तर?" मी विचारलं.

"तर बल्ब. बल्ब गेलेला असेल, नाहीतर नीट बसलेला नसेल. त्यात शोधायचं काही नाही."

आई आतून म्हणाली, "अहो, तिला स्वयंपाक पण शिकवा एखाद वेळी. सासरी काय बॅटरी धुणार आहे ती?"

"धुवायला लागेल. सासरा माझ्यासारखा निघाला तर."

"मग नकोच ते स्थळ."

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून आम्ही बॅटरीची टोकं धुवायचो, कोरडी करून वर व्हॅसलीन लावायचो. कानशीने तारांची टोकं घासायचो. महिन्याभरात दिवे सुतासारखे सरळ झाले. रोज संध्याकाळी बाबा आईच्या उशाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि तो पिवळसर उजेड दोघांच्या अंगावर पडलेला असे. मी दाराशी विणत बसायची आणि त्यांच्याकडे बघत नाही असं दाखवायची.

अलिबागचे एक डॉक्टर अधूनमधून येत. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "थुंकीत लाल काही?"

"नाही," आई म्हणायची.

"तसं दिसलं तर मात्र लगेच घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये हलवायचं. इथे मग ठेवता येणार नाही."

बाबा मान हलवत. तिथे घरच्या माणसांना राहू देत नसत. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, तिथेच गेली होती आणि शेवटी तिच्याजवळ आमच्यातलं कुणीही नव्हतं. आई तिच्याबद्दल कधी बोलत नसे. फक्त एकदा, डॉक्टर गेल्यावर, ती मला म्हणाली, "मला कुठे पाठवू नका गं. तुमच्यातच राहू दे." मी हो म्हटलं. माझ्या हातात काय होतं म्हणून हो म्हटलं, मला माहीत नाही.

पौष सरताना तिच्या उशाचा दिवा बिघडला. दाराशी लागे, कोनाड्यावर लागे, तिच्याकडेच लागत नसे. बाबांनी पहिल्या दिवशी बल्ब बघितला तर तो सैल होता. दाबून थोडा फिरवला की खोबणीत बसे, तसला तो होता. त्यांनी बसवला, दिवा लागला. "गाडी हललेली नाही, तरी कसा सैल झाला," ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा अंधार.

वाडीवरची बाई एव्हाना पायरीपर्यंत येऊ लागली होती. "तुमचा दिवा म्हंजे नवी नवरीच हाय," ती आईला म्हणाली. "दिसभर बरी, सांज झाली का रुसली. आमचा कंदील बरा, बाय. काळा हाय पन रुसत न्हाय."

आई हसली आणि हसता हसता खोकली, आणि तोंडावर फडकं धरून भिंतीकडे वळली.

त्यानंतर एका तिन्हीसांजेला मी वाळत घातलेले कपडे काढत होते. खिडकी माझ्यासमोर होती आणि मी पातळाच्या आड होते. आईने हात वर केला, बल्ब दाबून उलटा फिरवला, आणि हात खाली घेतला. मग तिला ढास लागली. फडकं तोंडावरून काढून तिने ते उशीखाली सरकवण्याआधी बाहेरच्या कंदिलाच्या उजेडात मला दिसलं. त्या उजेडात रक्त लाल नाही, काळं दिसतं. पण मला कळलं.

दिवसा ती फडकी स्वतः वाडीच्या कडेला नेऊन जाळत असे. बाबा तेव्हा मोटारीखाली नाहीतर बाजारात. अंगात ताप चढायचा तो संध्याकाळी, ढास यायची ती संध्याकाळी, आणि बाबा तिच्याजवळ बसायचे तेही संध्याकाळीच. तिला अंधार हवा होता तो तेवढ्यापुरता.

मी कपडे घड्या करून आत ठेवले. डॉक्टरांनी विचारल्यावर आई पुन्हा नाही म्हणाली तेव्हा मी पाणी आणायला विहिरीवर गेले होते. म्हणजे, मुद्दामच गेले.

दिवा बिघडतच राहिला. बाबा तो रोज दुरुस्त करायला बसत. एका संध्याकाळी त्यांनी मला कंदील धरायला बोलावलं. बल्ब काढून बाजूला ठेवला, तपासणीच्या दिव्याच्या तारा त्या रिकाम्या खोबणीला लावल्या. तपासणीचा दिवा लख्ख लागला. त्यांनी अंगाने तो आईपासून झाकला होता. मी त्यांच्या मागे उभी होते, मला दिसला.

वीज इथपर्यंत येत होती. मागे कुठेही चूक नव्हती. बल्ब त्यांनी दुपारीच कोनाड्यावर लावून पाहिला होता, तो चांगला होता. त्यात शोधायचं काही नव्हतं.

"इथे वीजच येत नाहीये," बाबा मोठ्याने म्हणाले. "तार आत कुठेतरी खाल्लेली दिसते. फळी उचकटावी लागेल. उद्या बघतो."

"राहू द्या हो," आई म्हणाली. "अंधारात बरं वाटतं डोळ्यांना."

"उद्या बघतो," ते पुन्हा म्हणाले. मग बल्ब जागेवर ठेवला, पण बसवला नाही. कंदील त्यांनी माझ्याकडून घेतला आणि बाहेर नेऊन टांगला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

त्यांना कधीपासून माहीत होतं, मी कधी विचारलं नाही. पुढे पुष्कळ दिवस ते रोज फळ्या उचकटत, तारा ओढून काढत, नव्या टाकत, पुन्हा काढत. कानशीचा आवाज यायचा. आई आतून विचारायची, "सापडलं का काही?" ते म्हणायचे, "अजून नाही." आणि संध्याकाळी अंधारात तिच्याशेजारी बसून, वर्तमानपत्र वाचता येत नाही म्हणून, कारखान्यातल्या गोष्टी सांगत. कुठल्या शेटजींनी मोटारीत पाण्याऐवजी काय ओतलं, वगैरे. तिला ढास लागली की ते बोलायचे थांबत नसत. आवाज थोडा चढवत, एवढंच.

डॉक्टरांपाशी बोलायला हवं होतं असं माझ्या आत्या नंतर म्हणाल्या. त्यांना सगळं माहीत नव्हतं, तरी म्हणाल्या. घाटावर नेलं असतं तर ती आणखी वर्षभर राहिली असती का, मला सांगता येत नाही. राहिली असती तर ती आमच्यात नसती. हे दोन्ही मी मनात इतक्या वेळा मांडून पाहिलं आहे की आता त्याचं काहीच होत नाही.

शिमग्याचे ढोल गावातून ऐकू यायला लागले तेव्हा तिला उठून बसवत नव्हतं. फडकी मी जाळत होते. ती द्यायची, मी घ्यायची. एका दिवशी सूर्य बुडाल्यावर ती बाबांना म्हणाली, "अहो, आज तो दिवा लागतो का बघा ना."

बाबा तिला वारा घालत होते. पंखा त्यांनी खाली ठेवला. हात लांब केला असता तर तो बल्ब त्यांना बसल्या जागी बसवता आला असता. ते उठले, पाना आणि तपासणीचा दिवा घेतला आणि मोटारीकडे गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी बॅटरीवरचं झाकण उघडलं आणि आत बघत उभे राहिले. टोकं स्वच्छ होती, मीच सकाळी पुसली होती. मग ते पान्याने लोखंडावर ठोकायला लागले, आत ऐकू जाईल असं, सावकाश, काम करणारा माणूस ठोकतो तसं. त्यांचे खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज येत नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. आमच्याकडे तशी रीत नव्हती, आणि माझा धीरही झाला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि आत गेले.

"सापडलं," ते म्हणाले. "तार गंजली होती. माझंच काम कच्चं." आणि बल्बला हात घातला.

उजेड पडला. आईने डोळे बारीक केले, मग उघडले आणि बराच वेळ बाबांकडे बघितलं.

"किती वाळलात हो," ती म्हणाली. "आणि एवढ्याशा कामाला इतके दिवस."

"अवघड होतं," बाबा म्हणाले.

तिच्या हातात फडकं होतं. ते तिने उशीखाली घातलं नाही. बाबांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, दुसरं धुतलेलं दिलं आणि वर्तमानपत्र उघडलं. ते कितीतरी जुनं होतं. तिने ते सगळं ऐकलं, बाजारभावांसकट.

आई उजाडताना गेली. वाडीवरची बाई त्या दिवशी पायरी चढून आत आली आणि तिने आईचे केस विंचरून दिले. दिवा तसाच चालू होता. "आता इजवा तो," ती म्हणाली, "दिस उगवलाय." बाबांनी मान हलवून नको म्हटलं. बॅटरी उतरत आली होती आणि दिवा हळूहळू तांबूस होत चालला होता. मोटार शेजारीच उभी होती. ती थोडा वेळ सुरू केली असती तर बॅटरी भरली असती. ते मला माहीत होतं, त्यांना तर होतंच. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.