आजीच्या भिंतीवरची किटली

माझा हात चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोळ झाला त्याचं मूळ तिथेच आहे. डहाणू स्टेशनजवळ माझं पेंटरचं दुकान होतं. नंबरप्लेटी, दुकानांच्या पाट्या, चिकूच्या पेट्यांवरची नावं, टेम्पोच्या मागची शायरी, सगळं मी करायचो. मग फ्लेक्स आले आणि ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही तोही तासाभरात वीस फुटी बोर्ड छापून द्यायला लागला. माझ्या हाताला खरं काम उरलं ते निवडणुकीत, तेही आमच्याच पक्षाचं, कारण फ्लेक्सवर उधळायला आमच्या पक्षाकडे काही नसायचं. मी पक्षाचा सभासदही होतो. धोरण वगैरे मला फारसं कळत नव्हतं. पण आमचं चिन्ह होतं किटली, आणि किटली काढायला मला मनापासून आवडायची.

२०१४च्या विधानसभेला तालुकाभर मी किटल्या काढत फिरलो. रानशेतच्या बाजूला एका पाड्यावर, अगदी रस्त्याच्या वळणावर, एक कुडाचं घर होतं. रस्त्याकडची भिंत शेणामातीने नुकतीच सारवलेली, हात फिरवला तर कुठे अडकणार नाही अशी. ती बघून मला राहवेना. घरातून एक आजी बाहेर आली. तिने मला पाण्याचा तांब्या दिला आणि हा बाबा काय करतोय ते बघत उभी राहिली. मी पाणी प्यालो, तांब्या परत दिला आणि कामाला लागलो. भिंत रंगवू का, असं विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पक्षाचा हुकूम साध्या चुन्याच्या रंगात काढायचा होता. उमेदवाराचं नाव आणि घोषणा मी खाली चुन्याच्या रंगातच लिहिल्या. पण वर, वळचणीखाली, जी किटली काढली ती माझ्या स्वतःच्या डब्यातल्या तेलरंगाने. चार फूट उंच, फुगीर पोट, पोटावर पांढरी चमक, तोटीतून निघालेल्या वाफेच्या तीन रेघा. निघताना मोटरसायकल थांबवून मी दोनदा मागे वळून पाहिलं. आयुष्यात तेवढी चांगली किटली मी पुन्हा काढली नाही.

आम्ही सपाटून हरलो. नंतर चिंतन बैठक झाली. तीत एकाने मशीनला दोष दिला, एकाने हवामानाला, आणि एक जण उमेदवाराच्या मिशीवर घसरला. वडे संपले तशी बैठकही संपली. मतदारांकडे जाऊन विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. पाडे तिथेच होते, आम्हीही इथेच होतो, पण वर्षभर कोणी कोणाकडे फिरकलं नाही.

वर्षाने तालुकाध्यक्षांना जाग आली. अध्यक्ष वाणगावचे, भाताच्या गिरणीचे मालक, अंगाने भरलेले आणि आवाजाने त्याहून भरलेले. मुंबईच्या कुठल्याशा शिबिरातून ते एक छापील फॉर्म घेऊन आले. वर ठळक अक्षरांत 'नाराज मतदार' आणि खाली दहा प्रश्न. मतदाराने नाराजीचं कारण सांगायचं, आपण योग्य चौकटीत खूण करायची, मग नाराजी दूर होते, असं शिबिरात शिकवलं होतं. अध्यक्षांनी सोबतीला मला घेतलं, कारण माझ्याकडे मोटरसायकल होती. सुरुवात कुठून करायची, तर म्हणाले, "पेंटर, आपली खूण जिथे शाबूत असेल तिथून."

शाबूत खूण एकच होती. वळण घेतलं आणि समोर माझी किटली, कालच काढल्यासारखी. पावसाचं पाणी उडून खालचं नाव, घोषणा, सगळं धुऊन गेलं होतं. भिंतीवर फक्त किटली उरली होती. मला खरं सांगायचं तर भरून आलं.

आजी अंगणात भात पाखडत होती. अध्यक्षांनी हात जोडले, फॉर्म काढला, पेन उघडलं. आजीने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "चहा पायजे का?"

"हो, चालेल की!" अध्यक्ष खूश होऊन म्हणाले.

"तुमाला पण?" आजी अशी ओरडली की कोंबड्या कुडाला जाऊन धडकल्या. "वरीस झालं, जो येतो तो चहा मागतो! टेम्पोवाले येतात, मोटरसायकलवाले येतात. तो गुजरातचा ट्रकवाला, 'मासी, बे चा' म्हणून दोन बोटं दाखवत खाटेवरच बसला. माझं काय हॉटेल हाय?"

मी किटलीकडे पाहिलं. पाटी नाही, नाव नाही, रस्त्याच्या वळणावर वाफाळती किटली. मी ट्रकवाला असतो तर मीही ब्रेक मारला असता.

अध्यक्षांच्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. ते म्हणाले, "मग तुम्ही त्यांना सांगायचं, हे हॉटेल नाही म्हणून."

"दारात आलेल्याला तसंच घालवू? पहिल्या पहिल्यांना दिला मी. कोरा दिला. तर एक जण म्हणतो, दूध कमी हाय."

किटली पुसून टाकावी म्हटलं तर तेही जमत नव्हतं. दिवाळीला आजीने भिंत सारवायला घेतली, तर तेलरंगावर शेणमाती धरेना. ओली असताना बसायची, वाळली की पापुद्रे होऊन खाली पडायची, आणि आतून किटली पुन्हा चकाचक. आमच्या पक्षाने त्या निवडणुकीत जेवढी आश्वासनं दिली, त्यांत टिकलं ते एवढंच, आणि तेही माझ्यामुळे.

पण आजीचं खरं दुखणं वेगळंच होतं. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं, तलासरीकडे, वेवजीला. मुलाकडची मंडळी पहिल्यांदा मुलगी बघायला आली, ती वळणावर किटली बघून म्हणाली, आधी इथे चहा घेऊ, मग घर शोधू. बसली. भांडी घासणाऱ्या पोरीला त्यांनी चार चहा सांगितले आणि साखर कमी आहे म्हणून दोन परत पाठवले. ती पोर म्हणजेच नवरीमुलगी. पुढे सगळा उलगडा झाला, हसणं झालं, सोयरीकही जमली. पण वेवजीत या घराचं नाव पडलं ते पडलंच, हॉटेलवाले.

"वऱ्हाड येऊन हिच्याच खाली उभं ऱ्हाणार," आजी किटलीकडे बोट करून म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "माझे नातीला जल्मभर हॉटेलवालीची पोर म्हणतील." मग अध्यक्षांकडे बघून म्हणाली, "मत तुमालाच दिलं होतं मी. सगळे जगातली माणसं चहा मागायला आली. तुमचेतला एक नाय आला."

अध्यक्षांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. याला चौकट नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तेलरंगात कोणी काढायला सांगितलं होतं?"

मी कोंबड्यांकडे बघत राहिलो. आजीही माझ्याकडे बघत होती. पाण्याचा तांब्या देणारी तीच होती, तिला सगळं माहीत होतं. पण ती बोलली नाही, आणि त्या न बोलण्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी अध्यक्षांच्या शिव्यांनी कधी वाटली नाही.

"लग्नाच्या आधी भिंत साफ करून देतो," मी म्हणालो.

दोन दिवसांनी आम्ही सामान घेऊन हजर झालो. टर्पेंटाइन, पॉलिश पेपर, पत्रा, खुरपं. स्वतःची सगळ्यात चांगली किटली स्वतःच खरवडायची म्हणजे काय असतं, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. वाफेच्या रेघा मी हलक्या हाताने काढत होतो. अध्यक्षांना धीर नव्हता. त्यांनी खुरपं घेतलं आणि विरोधकांवर सूड उगवल्यासारखं किटलीच्या पोटात घातलं. रंगाबरोबर मातीचा थर सुटला, थराबरोबर आतल्या कारवीच्या काठ्या मोडल्या, आणि भिंतीला आरपार भोक पडलं. पलीकडे आजी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला किटलीच्या जागी तालुकाध्यक्षांचं तोंड दिसलं.

"आता आत पण या," आजी म्हणाली.

त्यानंतर कामाचा ताबा तिने घेतला. कारव्या कशा बांधायच्या ते नातीने दाखवलं. माती, शेण आणि भाताचं तूस यांचा गारा करायचा, तो पायाने तुडवायचा. अध्यक्षांनी धोतर खोचलं आणि गाऱ्यात उतरले. सवयीने भाषण सुरू झालं, "बंधू-भगिनींनो, ही माती..." इतकं बोलतात तोच त्यांचा पाय रुतला तो निघेना. नात हसता हसता खाली बसली. मग तिने आणि मी मिळून अध्यक्षांना उपटलं, चप्पल मात्र आत राहिली. ती त्या भिंतीत अजून असेल. मी लिंपायला गेलो तर आजीने माझा हात बाजूला सारला. म्हणे, ब्रशचा हात इथे चालत नाही, पंजा उघडा ठेवायचा. अख्ख्या तालुक्यात नावाजलेला माझा हात त्या दिवशी तीनदा नापास झाला. चौथ्यांदा ती म्हणाली, "बरं हाय," आणि मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. भिंत गेरूने लाल, वर बोटभरही डाग नाही. वऱ्हाड आलं, उभं राहिलं, आणि कोणी 'हॉटेल' हा शब्द काढला नाही. आजीने आम्हाला बसू दिलं नाही. दोनशे माणसांच्या चहाची किटली तिने अध्यक्षांच्या हातात दिली आणि मला कपांची थाळी. नवरदेवाचा बाप, तोच तो साखर कमी म्हणणारा, कप रिकामा करून म्हणाला, "आता बरोबर झाला." आजी पदरात तोंड लपवून हसली. फार दिवसांनी मला कसली तरी निवडणूक जिंकल्यासारखं वाटलं.

यावरून अध्यक्षांनी जो धडा घ्यायचा तो घेतला, आणि चुकीचा घेतला. पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव केला की प्रत्येक कार्यकर्त्याने महिन्याला एका नाराज मतदाराची भिंत लिंपून द्यावी. शहरातले कार्यकर्ते शेणाची बादली घेऊन सिमेंटच्या बंगल्यांवर गेले. एका बंगल्याच्या मालकाने कुत्रं सोडलं. दोन ठिकाणी चांगल्या भिंती आधी पाडल्या, मग लिंपल्या. जे आधी नाराज नव्हते तेही झाले. अध्यक्षांनी ठराव मागे घेतला आणि पुन्हा फॉर्मवर आले. मी मात्र त्या रस्त्याने जाता-येता आजीकडे थांबायला लागलो. काम काही नसायचं. पाणी प्यायचं, नातीची खबर विचारायची, भिंतीला तडा गेलाय का बघायचं, आणि निघायचं.

२०१९ ला पुन्हा निवडणूक लागली. अध्यक्षांनी मला संमतीपत्रांचा गठ्ठा दिला. आता भिंतीच्या मालकाची सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय रंगवायचं नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की तेलरंग माझ्याच डब्यातला होता हे त्यांना केव्हाच कळलेलं होतं. मी थेट वळणावर गेलो. डबा खाली ठेवला, कागद काढला आणि म्हणालो, "आजी, भिंत देशील का? चुन्यात काढतो. पहिल्या पावसात जाईल."

आजीने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाय," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. पाच वर्षांपूर्वी मला हे ऐकायला लागलं असतं तर मी रागावलो असतो. आता कागदाची घडी घातली, तिने दिलेलं पाणी प्यालो, डबा उचलला आणि मोटरसायकलपाशी गेलो.

"अरे पेंटर," मागून हाक आली. "तुमचं ते चिन्न काय होतं?"

मी वळलो. "किटली, आजी! वर्षभर तुझ्याच भिंतीवर होती."

"ती ठावं हाय. पण मशीनवर बारकी असते. तोटी कुठल्या बाजूला?"

मी डबा ठेवला, अंगणात उकिडवा बसलो आणि काडीने मातीत किटली काढली. पोट, कान, तोटी, वाफेच्या तीन रेघा. आजी वाकून बराच वेळ बघत राहिली. तोटीवरून तिने हवेतच एकदा बोट फिरवलं.

"कळलं," ती म्हणाली. मग कोपऱ्यातला झाडू उचलला आणि रस्त्यावरून कोणी चहाला वळायच्या आत अंगण झाडून टाकलं.