साखळीची दोन टोकं

गिरीजला आमची आणि काकांची वाडी लागून आहे. मधल्या एका माडावरून बाबा आणि काका कित्येक वर्षं बोलत नव्हते. घरात पदवी घेतलेला पहिला मी, म्हणून सरकारी मोजणी मीच मागवली.

मोजणीला आलेल्या मॅडमचं नाव विचारायचं राहून गेलं. ओढणी कमरेला बांधून त्या केळींतून आल्या, यंत्र लावलं आणि माड काकांचा असल्याचं सांगितलं.

बाबा म्हणाले, "यंत्र काय, बटन दाबनाऱ्याचं ऐकतं."

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून लोखंडी कड्यांची जुनी साखळी काढली आणि कड्या अंगठ्याने पुसल्या. एक टोक देऊन बाबांना हद्दीच्या दगडापाशी उभं केलं, दुसरं हद्दीच्या पलीकडच्या दगडापाशी काकांच्या हातात दिलं.

मॅडम म्हणाल्या, "यंत्रं आली आत्ता. त्याआधी सगळा मुलूख हिनेच मोजला. फक्त ही एकट्याला धरता येत नाही."

साखळी मध्येच लोंबली. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. शेवटी बाबाच काकांवर खेकसले, "अरे, तान जरा. जेवला नाय का?"

"दादा, तूच दगड सोडून पुढं आलायस. पाय बघ."

बाबा मागे सरले. साखळी ताठ झाली आणि माड काकांकडेच राहिला. लोकांना असं शांतपणे कामाला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मॅडम गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, वर अपील करू या."

"टोक मीच धरलेलं," बाबा म्हणाले. "आता भांडू कोनाशी?"