पळीभर तीर्थ

दमयंतीकाकूंचं डोकं फिरलंय, असंच मला आधी वाटलं. अर्धांगाचा झटका आलेल्या, नाकात नळी असलेल्या माणसाला कुणी सुया टोचून घ्यायला नेतं का? पण काकू कसल्या ऐकतायत! सिंगापुरात पासिर रिसला त्यांचा फ्लॅट माझ्या शेजारीच. दर मंगळवारी त्या नवऱ्याला, दीनानाथकाकांना, व्हीलचेअरवर बसवायच्या, केस विंचरायच्या आणि माझं दार वाजवायच्या. "चल गं, इंग्रजी बोलायला." मुलगा कुशल पार दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला ऑफिसात. त्यामुळे ही हमाली माझ्या गळ्यात.

काकांचा हात बराचसा सुधारला होता, तोंडातल्या तोंडात बोलायचेही. गिळता मात्र येत नव्हतं. घोट घशातून भलतीकडे, फुप्फुसात जायचा. जन्मभर आमटीत मीठ कमी म्हणून वाद घालणारा माणूस, आणि त्याच्या पोटात नळीने पांढरं दूध सोडायचं. काकूंना बाकी काही नको होतं. ती मेली नळी निघावी आणि यांनी आपल्या हातचं जेवावं, बस.

सिनसे, म्हणजे चिनी वैद्य, पलीकडच्या इमारतीखाली बसायच्या. नाव मिसेस को. साठीच्या, बोलणं तुटक. आधी जीभ बघायच्या, मग मनगटावर तीन बोटं ठेवून गप्प. काकू मला कोपराने ढोसायच्या, "बघ, नाडी बघतेय! आपल्यासारखंच." मग काकांच्या हनुवटीखाली, मानेवर केसासारख्या बारीक सुया. मला बाई बघवत नसे. निघताना मिसेस को दर वेळी बोट उगारून बजावायच्या, "नो थिन वॉटर!" हॉस्पिटलनेही तेच सांगितलेलं. पाण्यात पावडर कालवून खिमटासारखं घट्ट करायचं आणि तेच चमच्याने भरवायचं. काकू ते इतकं काटेकोर पाळायच्या की मी पाण्याचा ग्लास घेऊन काकांजवळ बसले तरी ओरडायच्या.

हळूहळू काका वाटीभर घट्ट पेज गिळायला लागले. सुयांमुळे की हॉस्पिटलच्या व्यायामांमुळे, देव जाणे. नळी लवकरच काढू, असं डॉक्टरही म्हणाले. काकूंनी नवस बोलला होता. लगेच सत्यनारायण घातला.

ओळखीची मराठी घरं जमली. काकांना नवा सदरा घातला होता. आरती झाली आणि काकू तीर्थाची पळी घेऊन सगळ्यांपुढून फिरल्या. काकांसमोर आल्या. काकांनी सवयीने उजवा तळहात पुढे केला. काकूंनी पळी ओतली. काकांनी ओठ लावले, गिळलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. आम्ही सगळे बघत होतो. एकालाही काही वाटलं नाही! काकू तर रडायलाच लागल्या. "साधा ठसकासुद्धा लागला नाही गं!"

ठसका लागला असता तर बरं झालं असतं. खोकायची ताकदच घशात उरली नव्हती, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तीर्थ मुकाट्याने फुप्फुसात उतरलं होतं.

पुढे ताप चढला, छाती घरघरायला लागली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काही पातळ दिलं होतं का? मी काकूंना मराठीत विचारलं. "छे गं! मी बरी देईन," काकू म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. शपथेवर सांगते, त्यांच्या लेखी ते पाणी नव्हतंच. मला मात्र तो पुढे केलेला तळहात आठवला. मी डॉक्टरांना सांगितलं. इंग्रजीतच सांगितलं, पण मी तळहात पसरून दाखवला तेव्हा काकूंना कळलं. मला त्यांचा राग आला होता, आणि इतकी दया आली की काय सांगू. त्यानंतर त्या नुसत्या काकांचे पाय चेपत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी काका गेले. नर्सने नळी काढून घेतली, तोंड पुसलं. कुशलने खिशातून गंगाजलाची कुपी काढली, झाकण उघडलं आणि आईपुढे धरली. "आई, तू घाल."

काकूंनी झटकन काकांच्या तोंडावर हात ठेवला. "नको रे," त्या म्हणाल्या, "त्यांना गिळता येत नाही."